पॉवर ऑटोमेट आधी शिकू की पॉवर बीआय? (केळीच्या ऑफिसात काम करतो)

केळीपट्टा_सावदा

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारतोच.

मी बीकॉम, एमएस-सीआयटी झालेली, टॅली येतं, सध्या सावद्याला एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशोब बघतो. काम कसं असतं तर बऱ्हाणपूरचा भाव आला की कोणाकोणाच्या बागेत कापणी लावायची ते शेठ ठरवतात, गाड्या भरतात, काट्यावर वजन होतं आणि काटापावतीचा फोटो व्हॉट्सअॅपवर माझ्याकडे येतो, तो झूम करून करून मी एक्सेलमध्ये टाईप करतो. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, कपात, भाव, मजुरी, अॅडव्हान्स किती दिलेला आणि चुकारा किती बाकी. मग तेच परत टॅलीत टाकतो. संध्याकाळी शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात की माझी पट्टी (मालाचा हिशोब) किती झाली, ते एकेकाला व्हॉट्सअॅपवर टाईप करून पाठवतो. महिन्याच्या शेवटी शेठना रिपोर्ट लागतो, कुठल्या गावातून किती माल आला, मृगबाग (पावसाळी लागवड) किती कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) किती, कोणाकडे अॅडव्हान्स अडकलाय, दिल्लीच्या कुठल्या पार्टीचे पैसे राहिलेत. हे करताना दोन रात्री जातात कारण प्रत्येक महिन्याची शीट वेगळी आणि त्यात मुनीमजींनी मध्येच पिवळा रंग मारून ठेवलेला असतो.

आता मला दोन गोष्टी दिसतात. यूट्यूबवर पॉवर ऑटोमेटचे (रोजची कामं आपोआप करणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) व्हिडिओ बघितले की वाटतं माझं अर्धं काम हेच करून टाकेल. आणि पॉवर बीआय (त्यांचंच रिपोर्ट-चार्ट बनवायचं टूल) बघितलं की वाटतं शेठना असा डॅशबोर्ड दाखवला तर पगार तरी वाढेल, नाही वाढला तर पुणे-नाशिकला नोकरी तरी बघता येईल. दोन्ही एकदम शिकायला वेळ नाही, रात्रीचे दीड-दोन तास मिळतात, तेही लाईट असली तर. उन्हाळ्यात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

तर आधी कुठलं? आणि क्लास लावावा का? कोडिंग येत नाही, एक्सेलमध्ये व्हीलूकअप, पिवट, सम-इफ एवढं येतं.

---

धुळेकर_पुण्यात

काय भो, सावद्याचा का, आमची आत्या फैजपूरची.

सरळ सांगतो, पॉवर बीआय आधी. मी पुण्यात डेटा अॅनालिस्ट म्हणून काम करतो, आमच्याकडे इंटरव्ह्यू घ्यायला मला बसवतात. फ्रेशरला किंवा तुझ्यासारख्या अकाउंट्सवरून येणाऱ्याला एमआयएस एक्झिक्युटिव्ह (ऑफिसचे रिपोर्ट बनवणारा) किंवा ज्युनियर अॅनालिस्टची जागा मिळते, तिथे विचारतात एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पॉवर बीआय. नुसत्या पॉवर ऑटोमेटवर फ्रेशरला घेतलेलं मी तरी बघितलं नाही, ते "येत असेल तर बरं" या खात्यात असतं.

दुसरं म्हणजे पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, विंडोज पाहिजे फक्त, डाऊनलोड कर आणि लॉगिन न करता सुद्धा पूर्ण रिपोर्ट बनवता येतो. पण तू जे बघितलंस ना रंगीत गोल-गोल चार्ट, ते शेवटचे दहा टक्के. खरं काम पॉवर क्वेरीत आहे, म्हणजे डेटा आणून साफ करायच्या टूलमध्ये. आणि आता ऐक, पॉवर क्वेरी तुझ्या एक्सेलमध्येच पडलेली आहे, २०१६ पासून डेटा टॅबमध्ये "गेट डेटा" म्हणून असते. त्यात फोल्डरमधून फाईल घ्यायचा पर्याय आहे, तुझ्या बारा महिन्यांच्या बारा शीट एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि कॉलमची नावं सारखी असली की त्या एकाखाली एक जोडून येतात, पुढच्या महिन्याची फाईल टाकली की नुसतं रिफ्रेश. तुझ्या दोन रात्री ना, त्या इथेच वाचतील, ऑटोमेट-बिटोमेट काही न लावता.

नंतर डॅक्स, म्हणजे पॉवर बीआयची फॉर्म्युल्यांची भाषा. तिथे लोक रडतात कारण ते एक्सेलच्या फॉर्म्युल्यासारखं दिसतं पण सेलचा विचार करत नाही, फिल्टरचा करतं. कॅल्क्युलेट हे एक फंक्शन नीट समजेपर्यंत पुढे पळू नको. आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे तारखांचं वेगळं टेबल बनवायचं आणि टोटल-वायटीडीला (वर्षाच्या सुरुवातीपासून बेरीज करणारं फंक्शन) वर्षअखेर ३१ मार्च आहे हे सांगायचं, नाहीतर तो जानेवारीपासून बेरीज करत बसतो आणि शेठ म्हणतील आकडा चुकला.

क्लासचं नंतर बघू, आधी एवढं कर.

---

जंक्शनवाला

वरच्या दादांशी सहमत नाही. भुसावळचा आहे, छोट्या कंपन्यांना ऑफिसची कामं ऑटोमेट करून देतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे असं समजा हवं तर.

या भाऊने काय लिहिलंय ते वाचा परत. रोजचा वेळ कुठे जातोय? फोटोवरून टायपिंग, मग टॅलीत परत टायपिंग, मग शेतकऱ्यांना एकेक मेसेज. रिपोर्टचा त्रास महिन्यातून एकदा, हा त्रास रोज. डॅशबोर्ड बनवला तरी टायपिंग तसंच राहणार, उलट शेठ म्हणणार आता रोजचा डॅशबोर्ड दाखव. रोजचे दोन तास मोकळे झाले तर त्याच दोन तासात पॉवर बीआय शिकता येईल की नाही?

पण पॉवर ऑटोमेट म्हणजे दोन वेगळ्या वस्तू आहेत हे आधी समजून घे, व्हिडिओवाले सगळं एकत्र करून टाकतात. एक क्लाउड फ्लो, म्हणजे मेल आला, फॉर्म भरला, फाईल पडली की आपोआप पुढचं काम. २०१६ ला आलं तेव्हा याला मायक्रोसॉफ्ट फ्लो म्हणायचे, २०१९ ला नाव बदललं. दुसरं डेस्कटॉप, म्हणजे तुझा माऊस-कीबोर्ड तो चालवतो, एक्सेल उघडतो, टॅलीत जातो, टाईप करतो. हे डेस्कटॉपवालं मार्च २०२१ पासून विंडोज १० वाल्यांना फुकट आहे, ११ मध्ये तर आधीच बसवलेलं येतं आणि साध्या वैयक्तिक अकाउंटने चालतं. कोडिंग नाही, डावीकडून अॅक्शन ओढायची आणि मध्ये सोडायची. फुकटवाल्यात अडचण एवढीच की चालू करायचं बटण तूच दाबायचं, रात्री दोनला आपोआप चाल असं सांगता येत नाही, त्याला प्रीमियम लागतं. तसंही रात्री दोनला सावद्यात लाईट असेल का हा वेगळा प्रश्न.

टॅलीसाठी एक सांगतो, तिथे रोबो लावायच्या आधी व्हर्जन बघ. टॅली प्राइम ४.० पासून एक्सेलमधून व्हाउचर आत घेता येतात. कॉलम एकदा जुळवले की झालं. जिथे सरळ इम्पोर्ट आहे तिथे स्क्रीनवर क्लिक करणारा रोबो बसवू नये, कारण एखादा पॉपअप मध्ये आला की रोबो भलत्याच लेजरला एंट्री मारून मोकळा होतो आणि ते तुला मार्चमध्ये कळतं.

---

केळीपट्टा_सावदा

दोघांनाही धन्यवाद दादा. थोडी माहिती राहिली होती.

ऑफिसात दोन कॉम्प्युटर, एक शेठचा लॅपटॉप. एक्सेल २०१९ आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ (ऑफिसचं वर्गणीवालं पॅकेज) वगैरे काही घेतलेलं नाही, मेल आयडी सगळ्यांचे जीमेल. टॅली प्राइम आहे, व्हर्जन बघून सांगतो. शेतकरी हंगामात बरेच असतात आणि निम्म्यांची नावं मुनीमजी मराठीत लिहितात निम्मी इंग्लिशमध्ये.

जंक्शनदादा, शेतकऱ्यांना व्हॉट्सअॅप आपोआप जाईल असं होतं का? माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी कटकट आहे.

---

जंक्शनवाला

व्हॉट्सअॅपचं सांभाळून. व्हॉट्सअॅप वेबवर रोबोने क्लिक करून मेसेज पाठवायचे व्हिडिओ आहेत भरपूर, पण ते त्यांच्या नियमात बसत नाही आणि नंबर बंद होऊ शकतो. शेठचा तो वीस वर्षं जुना नंबर, ज्यावर अख्खा रावेर-यावल पट्टा फोन करतो, तो बंद पडला तर तुझं काय होईल ते मी सांगत नाही. सरळ मार्ग म्हणजे व्हॉट्सअॅप बिझनेसचा एपीआय (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची अधिकृत सोय), त्याला पैसे लागतात, आणि पॉवर ऑटोमेटमधून तिथे जायचं तर एचटीटीपी कनेक्टर (बाहेरच्या सेवेला जोडणारा भाग) लागतो, तो प्रीमियम. एसएमएस म्हणशील तर धंद्याच्या नावाने घाऊक एसएमएस पाठवायला ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमाप्रमाणे डीएलटी नोंदणी (मोबाईल कंपन्यांकडे पाठवणाऱ्याची नोंदणी) लागते, मेसेजचा मजकूर सुद्धा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. होतं, पण शिकण्याच्या पहिल्या महिन्यात घ्यायचं काम नाही ते.

---

अमळनेरची_मनीषा

जीमेल आणि एक्सेल २०१९ म्हणालास ना, मग वरची अर्धी चर्चा तुझ्या कामाचीच नाही रे बाबा. मंडळी, तुम्ही त्याला लायसन्स विचारलं का आधी?

मी एका सीए ऑफिसात आहे, क्लायंट सगळे असेच, दालमिल, जिनिंग, कापड दुकानं. त्यांच्याकडे ३६५ नसतं आणि घ्या म्हटलं की महिन्याला किती हे विचारून गप्प बसतात. आता बघ, पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट, बरोबर. पण रिपोर्ट शेठच्या मोबाईलवर दाखवायचा तर पॉवर बीआयच्या ऑनलाईन सर्व्हिसवर टाकावा लागतो, तिथे जीमेल चालत नाही, कामाचा किंवा कॉलेजचा मेल लागतो, आणि शेअर करायचा तर प्रो लायसन्स, फक्त तुझं नाही तर बघणाऱ्याचं पण. ते महिन्याला माणशी १० डॉलर होतं, एप्रिल २०२५ पासून १४ झालं. काही जण "पब्लिश टू वेब" करून लिंक पाठवतात, ते चुकूनही करू नको, ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसतं, कोणत्या शेतकऱ्याला किती अॅडव्हान्स दिलाय ते समोरच्या व्यापाऱ्याला कळायला वेळ लागणार नाही. तुझ्यासाठी सोपं म्हणजे डेस्कटॉपमध्येच पीडीएफ एक्सपोर्ट करायचा आणि तो व्हॉट्सअॅपवर टाकायचा. शेठ लोकांना तेच आवडतं, क्लिक करून फिल्टर कोणी लावत नाही.

क्लाउड फ्लोचं पण तसंच. एक्सेलचा जो चांगला कनेक्टर आहे तो वनड्राइव्ह फॉर बिझनेस किंवा शेअरपॉइंटवरच्या (३६५ मधल्या ऑनलाईन जागा) फाईलवर चालतो, सी ड्राइव्हवरच्या फाईलवर नाही.

म्हणून माझं म्हणणं, तू गुगलचं काय फुकट मिळतंय ते आधी वापर. काट्यावरचा जो मुलगा फोटो पाठवतो त्याच्याकडे फोन आहेच, त्याला गुगल फॉर्म दे. गाडी नंबर, शेतकरी यादीतून निवडायचा, वजन, आणि पावतीचा फोटो मागाहून पडताळायला व्हॉट्सअॅपवर येऊ दे. फॉर्म भरला की शीटमध्ये रांग तयार. तुझं टायपिंग तिथेच संपलं, ऑटोमेशन म्हणून काही शिकायची सुद्धा गरज पडली नाही. मग अॅप्स स्क्रिप्ट (गुगल शीटला जोडून चालणारा छोटा प्रोग्राम), त्यात फॉर्म भरल्यावर किंवा ठरलेल्या वेळेला आपोआप चालणारे ट्रिगर मिळतात, कॉम्प्युटर बंद असला तरी चालतात कारण ते गुगलकडे चालतं, म्हणजे लाईटचा प्रश्न पण मिटला. मर्यादा आहेत, एक स्क्रिप्ट एका वेळी सहा मिनिटांपर्यंतच चालते, साध्या जीमेलवरून दिवसाला १०० जणांनाच मेल जातात. तुला त्या पुरतात. रिपोर्टसाठी गुगलचं लुकर स्टुडिओ, आधी डेटा स्टुडिओ म्हणायचे तेच, फुकट, आणि लिंक फक्त शेठच्या जीमेलला देता येते.

स्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्ट आहे हे खरं, कोडिंग येत नाही म्हणालास. पण पट्टीचा मजकूर तयार करणारं काम स्क्रिप्टशिवाय सुद्धा होतं, शीटमध्ये एक कॉलम ठेव ज्यात नाव, वजन, भाव, कपात, निव्वळ रक्कम जोडून वाक्य तयार होईल, ते कॉपी करून पाठव. टाईप करायचं वाचलं. पाठवायचं बटण तुझ्याच हातात राहू दे, चुकीचा आकडा शेतकऱ्याला गेला तर दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात येऊन बसतो.

(आमच्याकडे जीएसटीचं टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) दर महिन्याच्या १४ तारखेला आलं की खरेदी रजिस्टरशी जुळवायचं असतं, आधी दोन पोरं त्यात दिवस घालवायची, आता पॉवर क्वेरीत मर्ज (दोन याद्या जुळवणं) लावलंय. म्हणजे धुळेकरदादांचं पॉवर क्वेरीचं मी शंभर टक्के मान्य करते, भांडण फक्त पुढच्या पायरीवर आहे.)

---

शिरपूर_एक्सप्रेस

क्लास लावू नको. आमच्याकडे एका ठिकाणी "पॉवर प्लॅटफॉर्म विथ एआय, शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणून जाहिरात होती, गेलो तर पिवट टेबलपासून सुरुवात आणि प्लेसमेंट म्हणजे त्यांच्याच ऑफिसात कॉलिंगचं काम. मायक्रोसॉफ्ट लर्नवर सगळं फुकट आहे, इंग्लिश सोपं आहे. परीक्षा द्यायची असली तर पॉवर बीआयची पीएल-३००, १००० पैकी ७०० ला पास. तेवढ्यासाठी कोणाला तीस हजार द्यायची गरज नाही.

---

धुळेकर_पुण्यात

मनीषाताई, लायसन्सचं बरोबर पकडलं, मी कंपनीच्या अकाउंटवर असल्यामुळे ते डोक्यातच येत नाही.

पण एक सांगतो, या भाऊला सावद्यात राहायचंय की बाहेर पडायचंय यावर सगळं आहे. राहायचं असेल तर ताईंचा गुगलचा रस्ता उत्तम, मी पण तेच सांगेन. बाहेर पडायचं असेल तर लुकर स्टुडिओवर पुण्यात कोणी फार विचारत नाही, निदान आमच्या कंपन्यांत तरी नाही. आणि जंक्शनभाऊ, ऑटोमेशन आधी शिकलं की रोजचा वेळ वाचतो हे ठीक, पण त्याचा डेटाच जागेवर नाही. महिन्याला वेगळी शीट, पिवळे रंग, नावं दोन लिप्यांत. असल्या डेटावर फ्लो लावला तर घोळ फक्त जलद होईल. बाग निसवली नाही (घड बाहेर पडले नाहीत) अजून आणि आपण गाडी कुठे लावायची ते बोलतोय.

पॉवर बीआय शिकताना माणसाला जबरदस्तीने टेबल म्हणजे काय ते शिकावं लागतं. एक टेबल गाड्यांचं, प्रत्येक गाडी-शेतकऱ्याची एक रांग. एक शेतकऱ्यांचं, प्रत्येकाला एक कोड. एक तारखांचं. एक पार्ट्यांचं. हे जमलं की ऑटोमेशन सोपं जातं. उलट दिशेने ते होत नाही, फ्लो बनवणारी पुष्कळ माणसं अशी बघितलीत की फ्लो झकास आणि खाली डेटाचा उकिरडा.

---

जंक्शनवाला

ती माणसं माझे क्लायंट असतात, मला माहितीये. 😄 पण दादा, डेटा खराब का आहे? कारण तो फोटोवरून टाईप होतो. उगमापाशी फॉर्म लावला तर पुढे साफ करायला उरतंच काय? ताईंनी सुचवलेला फॉर्म हे ऑटोमेशनच आहे, नाव दिलं नाही एवढंच. तुम्ही त्याला घाण पाणी गाळायला शिकवताय, मी म्हणतो पाईप बदल.

जुन्या वर्षांचा डेटा पाहिजे असेल तर पॉवर क्वेरी लागेल, हे मान्य.

आणि बाहेर ३६५ वाल्या कंपनीत गेल्यावर क्लाउड फ्लो करशील तेव्हा दोन गोष्टी लक्षात असू दे, व्हिडिओत कोणी सांगत नाही. एक्सेलच्या टेबलमधून रांगा वाचायची अॅक्शन मुळात २५६ रांगाच आणते, पुढच्या आणायला सेटिंगमध्ये पेजिनेशन (टप्प्याटप्प्याने सगळ्या रांगा आणणं) चालू करावं लागतं, एरर वगैरे काही येत नाही, गुपचूप कमी आणते. आणि फ्लोचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक वेळ) चालतं, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे चालणाऱ्या फ्लोने आजची तारीख लिहिली तर ती कालची असते.

---

नवापूरचा_मास्तर

भाऊ, बठ्ठं जमस (सगळं जमतं), घाबरू नको.

मी मिरचीच्या धंद्याचं बघतो, नंदुरबारला, प्रकार तुझ्यासारखाच, शेतकरी, गाडी, वजन, चुकारा. वरच्या मंडळींनी टूलचं सांगितलं, मी नावांचं सांगतो कारण शेवटी गाडी तिथेच अडते.

एकच शेतकरी "पाटील सुभाष", "सुभाष पाटील", "एस. के. पाटील" आणि "सुभाषभाऊ चिनावल" असा चार प्रकारे लिहिलेला असतो. यातला कोणता कोण ते मुनीमजींच्या डोक्यात असतं. कुठलंही टूल घे, पॉवर बीआय घे नाहीतर गुगल घे, त्याला हे चार वेगळे शेतकरी दिसतात आणि अॅडव्हान्स एकाच्या नावावर, माल दुसऱ्याच्या. पॉवर क्वेरीत साधारण सारखी नावं जुळवायचा पर्याय आहे मर्ज करताना, पण आपल्या पाटील-चौधरी-महाजनांच्या गावात तो भलत्याच माणसाला भलत्याशी जुळवतो. अर्ध्या गावाचं आडनाव एक, वडिलांचं नाव पण एक असू शकतं. म्हणून नावाने जुळवायचंच नाही. मोबाईल नंबर किंवा स्वतःचा कोड. मुनीमजींना एक दिवस चहा पाजून शेजारी बसव आणि सगळी यादी एकदाच करून टाक, हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करणार नाही.

दुसरं, मराठीत लिहिलेली नावं युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारी मराठी) आहेत का जुन्या श्रीलिपी-कृतिदेवच्या फॉन्टमध्ये, ते बघ. फॉन्ट बदलल्यावर इंग्लिश अक्षरांचा काला दिसला तर समज जुना फॉन्ट आहे, मग आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घे. आणि सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळी केलेली साधी मजकूर फाईल) काढशील तर यूटीएफ-८ वाली, म्हणजे युनिकोड टिकवणारी काढ, साध्या सीएसव्हीत सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मूळ फाईल हातची सोडू नकोस.

माझं मत विचारशील तर मी स्वतः पॉवर बीआय आधी केलं आणि ऑटोमेशनला अजून हातच लावला नाही. गरज पडली नाही. हंगाम चार महिन्यांचा, बाकीचे आठ महिने ते ऑटोमेशन बसून काय करणार.

---

केळीपट्टा_सावदा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं.

ठरवलं ते असं. काट्यावरच्या मुलाला गुगल फॉर्म देऊन बघतो, त्याने आजच विचारलं की नेट नसलं तर काय, काट्यापाशी नेट येतं म्हणा पण बागेत नाही, तर काट्यावरच भरायला सांगतो. शेतकऱ्यांची यादी मुनीमजींसोबत. मास्तर, चहावर ते मानणार नाहीत, त्यांना शेवभाजी लागेल. आणि रात्री पॉवर क्वेरी, एक्सेलमध्येच, मागच्या दोन वर्षांच्या शीट एकत्र करायला. ते जमलं की पॉवर बीआय डेस्कटॉप. पॉवर ऑटोमेट आत्ता ठेवतो बाजूला, जंक्शनदादा रागावू नका, टॅली ४.० च्या पुढचं निघालं त्यामुळे इम्पोर्ट तुमच्याच सांगण्यावरून करून बघणार आहे.

आता लगेच अडलो ते सांगतो. फोल्डरमधून शीट घेतल्या, जोडल्या गेल्या, भारी वाटलं. पण तारखांच्या कॉलमला खूप ठिकाणी एरर. आणि जिथे एरर नाही तिथे जूनचा माल मे मध्ये दिसतोय. काही शीट शेठच्या लॅपटॉपवर टाईप झाल्यात, तिथे असं जास्त आहे. काय करू?

---

अमळनेरची_मनीषा

शेठच्या लॅपटॉपचं रिजन (विंडोजमधली देशाची सेटिंग) अमेरिकेवर आहे, पैज लावते. तिथे महिना आधी, दिवस नंतर. ५/६ टाकलं की एक्सेल त्याला ६ मे समजतं, आणि १३/६ टाकलं की तेरावा महिना नसतो म्हणून ते नुसता मजकूर म्हणून ठेवतं. एरर येतात त्या या मजकूरवाल्या.

पॉवर क्वेरीने स्वतःहून "चेंज्ड टाईप" नावाची पायरी टाकली असेल, ती आधी काढ. ज्या शीट ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या आहेत त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, त्यांना काही करायची गरज नाही. शेठच्या लॅपटॉपवाल्यांना दोन भागात घे. जे मजकूर आहेत त्यांच्यावर राईट क्लिक, चेंज टाईप, सगळ्यात खाली "युझिंग लोकेल", तिथे इंग्लिश (इंडिया) निवड, त्या सरळ होतील. पण जे आधीच तारीख होऊन बसलेत, ते लोकेलने सुधरत नाहीत, कारण एक्सेलच्या मते ती खरी तारीखच आहे. त्यांच्यात दिवस आणि महिन्याची अदलाबदल करणारा कस्टम कॉलम लावावा लागेल, वर्ष तेच ठेवायचं. ओळखायला सोपं, मूळ शीटमध्ये डावीकडे चिकटलेले ते मजकूर, उजवीकडे चिकटलेल्या त्या तारखा, मुनीमजींनी मध्ये अलाइनमेंट बदललं नसेल तर.

झाल्यावर महिनावार वजनाची बेरीज टॅलीशी जुळवून बघ. आणि लॅपटॉपचं रिजन आजच बदल, शेठना विचारून. एवढं करूनही काही रांगा एररमध्ये राहतील, त्या डिलीट करू नको, वेगळ्या काढून एकदा वाच, आमच्याकडे तशात "३१ जून" सापडला होता.